अभिषिक्तांचा हिशेब कोणी मागावा?

पाळकाला प्रश्न विचारणे म्हणजे त्याला नेमणाऱ्या देवालाच प्रश्न विचारणे, अशी शिकवण आज अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत उघडपणे दिली जाते. कोणत्याही जुन्या संप्रदायाशी न जोडलेल्या स्वतंत्र फेलोशिपांत तर ती विशेष ऐकू येते. तिची मांडणी अशी: देवाने काही माणसांना अभिषेक केला आहे, सामान्य विश्वासणारा त्यांच्या आध्यात्मिक छत्राखाली असेल तोवरच सुरक्षित, नेता चुकला तर देव त्याचे पाहून घेईल, सभासदाने आज्ञा पाळावी. दावीदाने शौलावर हात उचलला नाही, मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाला धरणीने गिळले आणि इब्री लोकांस पत्रात पुढाऱ्यांच्या अधीन राहायला सांगितले आहे, हे तिचे मुख्य आधार. मंडळीत अधिकार नसावाच, असे माझे म्हणणे नाही. नवा करार वडील, अध्यक्ष, सेवक यांच्या नेमणुकीबद्दल सविस्तर बोलतो आणि शिकवणाऱ्याला शिकवण्याचा हक्क देतो. माझा आक्षेप आहे तो बिनजबाबदार अधिकाराला. ज्याचा हिशेब मागता येत नाही असा अधिकार पवित्र शास्त्राने मंडळीतल्या कोणत्याही माणसाला दिलेला नाही, आणि वरचे आधार नीट वाचले तर तेच याची साक्ष देतात.

या शिकवणीत सतत ऐकवले जाणारे ‘अभिषिक्ताला हात लावू नये’ हे वचन स्तोत्र 105 मधले. तिथे अभिषिक्त कोण आहेत? अब्राहाम, इसहाक, याकोब: संख्येने थोडे, परक्या मुलखात भटकणारे, ज्यांच्या हाती ना सैन्य ना सिंहासन. आणि दटावले कोणाला? राजांना. दुबळ्यांना हात लावू नका असे सत्ताधाऱ्यांना बजावणारे हे वचन, आणि आपण ते नेमके उलटे फिरवून सत्ताधाऱ्याच्या हाती ढाल म्हणून दिले. दावीदाचेही तसेच. त्याने शौलाला मारले नाही हे खरे. पण तो गप्पही बसला नाही. गुहेबाहेर येऊन, झग्याचा कापलेला काठ हातात धरून, सर्वांदेखत त्याने राजाला त्याचा अन्याय ऐकवला, देवाला मध्यस्थ न्यायाधीश केले, आणि तरीही तो शौलाच्या हाताखाली परत गेला नाही. खून न करणे आणि मौन पाळणे यांत काही फरक आहे की नाही? कोरहाच्या कथेत तर मोशे स्वतःच हिशेब देतो: यांच्याकडून मी एक गाढवही घेतलेले नाही, असे तो त्याच प्रसंगी देवासमोर सांगतो. शौल आणि दावीद या दोघांनाही तेलाचा अभिषेक करणारा शमुवेल म्हातारपणी सगळ्या इस्राएलासमोर उभा राहतो आणि विचारतो की मी कोणाचा बैल घेतला, कोणाला नाडले, कोणाकडून लाच खाल्ली ते माझ्या तोंडावर सांगा. अभिषेक करणाऱ्याने जी चौकशी स्वतःहून मागितली, ती चौकशी अभिषिक्ताचा अपमान कशी ठरते, हे छत्रवाद्यांनी एकदा समजावून सांगावे.

इब्री लोकांस पत्राचा आधार जास्त वजनदार आहे. अधीन राहा असे 13:17 मध्ये स्पष्ट म्हटले आहे. पण त्याच वाक्यात पुढाऱ्यांना हिशेब द्यायचा आहे हेही आहे, आणि त्याच अध्यायाचे सातवे वचन पुढाऱ्यांच्या वागणुकीचा परिणाम पाहून मग त्यांच्या विश्वासाचे अनुकरण करायला सांगते. परिणाम पाहायचा तर डोळे उघडे हवेत. यावर उत्तर येते की तो हिशेब देवापाशी, माणसांपाशी नव्हे. मग प्रेषितांनी काय केले ते पाहू. कर्नेल्य या विदेशी माणसाच्या घरी जेवून आलेल्या पेत्राला यरुशलेमेत साध्या विश्वासणाऱ्यांनी जाब विचारला. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या ज्याला दिल्या तो हा पेत्र. त्याने त्या किल्ल्यांचा उल्लेखही केला नाही, घडलेले सारे पहिल्यापासून क्रमाने सांगितले. पुढे अंत्युखियात तो विदेशी बांधवांच्या पंगतीतून मागे सरला तेव्हा पौलाने त्याला चारचौघांत सुनावले. ग्रीक भाषक विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होते अशी कुरकुर झाली, तर बाराजणांनी कुरकुर करणाऱ्यांना बंडखोर ठरवले नाही. मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली, आणि निवडलेल्या सातांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार! आणि पैशाबाबत पौल किती काटेकोर होता: यरुशलेमेच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी नेताना मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला, कारण देवापुढेच नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार चोख दिसावा हा त्याचा आग्रह होता. दुसऱ्या करिंथकरांस पत्राचा आठवा अध्याय ज्यांच्या तोंडी फक्त देणगीच्या आवाहनासाठी असतो, त्यांनी तो विसाव्या-एकविसाव्या वचनापर्यंत वाचावा.

कोणी म्हणेल, हा प्रेषितांचा काळ. पुढे मंडळी वाढली, बिशप आले आणि अधिकार वरून खाली वाहू लागला. या पक्षाचा सर्वांत जुना पुरावा म्हणजे सुमारे 96 साली रोमच्या मंडळीने करिंथला पाठवलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र. करिंथच्या काहींनी वडिलांना पदावरून हटवले होते आणि पत्र त्याचा कडक निषेध करते. पण ज्यांना हटवू नये त्यांचे वर्णन काय? संपूर्ण मंडळीच्या संमतीने नेमलेले आणि निर्दोषपणे सेवा केलेले. दोन्ही अटी छत्रवादाच्या मुळावर येतात. कार्थेजचा बिशप सिप्रियन बिशपपदाचा मोठा कैवारी. तोही लिहितो की वडिलांचा सल्ला आणि लोकांची संमती घेतल्याशिवाय काही करायचे नाही असे आपण पदावर येतानाच ठरवले होते. पापी सेवकाचे संस्कार खोटे मानणाऱ्या डोनाटिस्टांविरुद्ध ऑगस्टीनने मांडलेला विचारही इथे पुढे केला जातो: सेवक पापी असला तरी त्याने दिलेला बाप्तिस्मा खोटा ठरत नाही. बरोबरच आहे. पण त्याने विश्वासणाऱ्याला आश्वासन मिळते. सेवकाला अभय मिळते असे ऑगस्टीन कुठे म्हणाला?

या शिकवणीचा आधुनिक प्रयोगही होऊन गेला आहे. 1970 च्या दशकात अमेरिकेत फ्लॉरिडातल्या फोर्ट लॉडरडेल इथे डेरेक प्रिन्स, बॉब ममफर्ड आदी पाच नामवंत शिक्षकांनी प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक मेंढपाळ हवा अशी चळवळ उभी केली. हेतू वाईट नव्हता. उत्साही, विस्कळीत करिश्मावादी मंडळ्यांना शिस्त हवी होती. पण नोकरी, घर, लग्न अशा निर्णयांतही मेंढपाळाची परवानगी लागू लागली. प्रिन्स 1980 च्या दशकात बाजूला झाले आणि 1989 साली खुद्द ममफर्ड यांनी जाहीर क्षमा मागितली. ज्यांनी छत्र उभारले त्यांनीच ते मिटले. आपल्याकडे मात्र अजून त्याची विक्री चालू आहे.

आपल्याकडे हा माल खपतो याचे कारण गुरुभक्तीची जुनी सवय असावी. पण मराठी ख्रिस्ती परंपरेतले आदर्श वेगळे आहेत. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनला निक्षून कळवले की पुरोहितशाहीच्या एका जोखडातून नुकतीच सुटले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही. धर्मगुरू सांगतो म्हणून नव्हे, शास्त्रात सापडेल तेच मानीन. इंग्लंडमध्ये त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्यावर हरकत आली, तेव्हा आपल्या वडिलांनी वा नवऱ्याने जे कधी नाकारले नाही ते इथे नाकारले जाते याचे त्यांनी आश्चर्य नोंदवले. यात उर्मटपणा नाही. याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन चालवून आणि मूळ भाषांतून मराठी बायबल करून आज्ञाधारकपणा म्हणजे काय ते दाखवले. रेव्हरंड टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मराठी मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला, तोही ख्रिस्ताचे स्वामित्व नाकारून नव्हे, मानून.

उरतो तो व्यवहारी आक्षेप: जो तो जाब विचारू लागला तर मंडळीत भांडणेच होतील, आणि खोटे आरोप करून चांगल्या पाळकांना हुसकले जाईल. ही भीती खोटी नाही. पाळकाला पगारी नोकरासारखे वागवणाऱ्या पंचकमिट्या सर्वांना ठाऊक आहेत. पण उपाय तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातच आहे: दोन-तीन साक्षीदारांशिवाय वडिलावरील आरोप ऐकू नये, आणि दोष सिद्ध झाला तर सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी. पाळकाचे रक्षण आणि त्याची चौकशी एकाच श्वासात सांगितली आहे. तोंड बंद केल्याने आरोप थांबत नाहीत, ते कुजबुजीत जातात आणि शेवटी मंडळी फुटते. खरा अधिकार प्रश्नाने खचत नाही. 1970 साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले तेव्हा बिशपपद ठेवले, पण ते सिनॉडच्या आणि घटनेच्या चौकटीत. त्या घटनेचे पालन नीट होते की नाही हा वेगळा वाद; निदान तो वाद घालायला लेखी कलम तरी आहे. स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांनीही इतके करावे: आपल्याला कोणी नेमले, कोण काढू शकतो आणि दानपेटीचा हिशेब कोण तपासतो, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून मंडळीसमोर ठेवावीत. ती मिळेपर्यंत सभासदांनी विचारत राहावे.