चित्राची पाठ

जुनी चित्रकार्डे जमविण्याचा छंद आम्हांस मान्य आहे. परंतु त्यात जी रीत प्रतिष्ठित होऊन बसली आहे, तिला आमचा उघड विरोध आहे. कार्ड कोरे असावे, कोपरे शाबूत असावेत, संच पुरा असावा, एवढ्याने संग्राहकाचे समाधान होते. पाठीवर काय छापले आहे हे तो पाहत नाही. कित्येकदा तर तिला खळ लावून ती वहीत कायमची गाडून टाकतो. नीतिकथांच्या कार्डांपुरते बोलावयाचे, तर हा केवळ हलगर्जीपणा नव्हे. वस्तूचा अर्थच नाहीसा करणे होय.

ही कार्डे कशी जन्मली ते पाहावे. प्रत्येक रंगास निराळा दगड वापरणाऱ्या शिळाछापाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगीत चित्र स्वस्त केले. पॅरिसचे 'बाँ मार्शे' हे भव्य दुकान, चॉकलेटचे कारखानदार, मांसाचा अर्क विकणारी लीबिग कंपनी, ही सारी गिऱ्हाइकांस अशी कार्डे वाटीत. लीबिगचे संच बहुधा सहा-सहा कार्डांचे असत व ते १९७५ पर्यंत निघत राहिले. फ्रान्सच्या मुलांस ला फोंतेनच्या कथा तोंडपाठ. तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याही कार्डांवर आणल्या.

आता कोल्हा आणि कावळा यांचीच कथा घ्या. चित्रात कोल्हा कावळ्याची स्तुती करून त्याच्या चोचीतील चीज लांबवितो. कार्ड उलटावे, तो दुकानदार तशाच गोड वाणीने आपल्या मालाची थोरवी गातो! पुढे कथा, मागे तिचाच प्रयोग. पाठ झाकली की कोल्हा सुटला आणि उरले ते नुसते गोंडस चित्र.

कोणी म्हणेल, त्या काळची मुलेही कार्डे वहीत चिकटवीतच होती. खरे आहे, पण मुलाने खेळणे मोडले म्हणून जतन करणाऱ्यानेही ते मोडावे काय?

टपालाच्या कार्डावरील लेखनास डाग समजणारांस तर आम्ही निराळेच विचारतो. १६७८ च्या संग्रहाच्या आरंभी ला फोंतेनने भारतीय ऋषी पिल्पाय याचे ऋण मानले आहे. दोन बदकांच्या काठीस धरून उडणारे त्याचे कासव हे आमच्या पंचतंत्रातील कासवाचेच भावंड. प्रवास हेच ज्या कथेचे आयुष्य, तिच्या कार्डावरील पत्ता, शिक्का व दोन ओळींचे कुशल हा डाग कसा? तो तिच्या प्रवासाचा दाखला आहे.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. खळ वर्ज्य करावी. कार्डे पारदर्शक पाकिटात ठेवावीत. यादीत दोन्ही बाजूंची नोंद असावी. आपल्या भाषेत कार्डाची मागची बाजू ती पाठ आणि धडा तोही पाठच. पहिली झाकून दुसरा मिळावा, ही अपेक्षा संग्राहकाने करू नये.