साथियाने पाठवलेल्या मुलाला भेटायला माणूस द्या

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून चालू आहे. त्याच्या सहा विषयांत मानसिक आरोग्य आहे, आणि गावात ते पोहोचवण्याचे काम 15 ते 19 वर्षांच्या साथियांवर, म्हणजे समवयस्क शिक्षकांवर, सोपवले आहे, हे आपण जाणताच. मी गटप्रवर्तक आहे. आशाताई आणि साथिया यांचे अहवाल वर पाठवते. या विषयावर दिलेल्या निवेदनांवर पोचेचा शिक्का मिळाला, उत्तर मिळाले नाही. म्हणून हे उघड पत्र.

तक्रार एकच. साथिया अडचणीतले मूल हेरून पाठवतो, तेव्हा पुढे त्याला भेटायला कोणी नसते.

बारावीत नापास झालेला एक मुलगा दिवसभर एस.टी. स्टँडवर बसून राहायचा. त्याचे जेवण सुटलेय हे आईवडिलांच्या आधी आमच्या साथियाच्या लक्षात आले. समजावून-समजावून त्याने त्याला रुग्णालयात नेले. तिथल्या किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकला कुलूप. समुपदेशक दुसऱ्या ड्युटीवर. केसपेपरच्या खिडकीवर भर रांगेत विचारणा झाली, "काय होतंय याला?" मुलगा तिथूनच मागे फिरला, पुन्हा यायला तयार झाला नाही. साथियाचे स्वतःचे वय सतरा. रात्री आशाताईंना फोन करून तो विचारत होता, "ताई, त्यानं काही केलं तर?" हे ओझे एका पोरावर टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आमच्या रजिस्टरात वजनाचा रकाना आहे, उंचीचा आहे, हिमोग्लोबिनचा आहे. मूल काय म्हणाले, कोणाकडे पाठवले, तिथे त्याला कोणी भेटले का, हे लिहायला जागा नाही. मग वर सगळे ठीकच दिसणार.

आता आकडे पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार राज्यात 2021 मध्ये 1,834 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, 2022 मध्ये 1,764. दोन्ही वर्षी देशात सर्वाधिक. म्हणजे रोज जवळपास पाच. आणि हे रोखण्यासाठी गावात राबणाऱ्यांचे मोल? केंद्राच्या दरपत्रकात आशाताईला एका साथियामागे 100 रुपये, किशोर आरोग्य दिनाला मुले जमवण्याचे 200, आणि साथियाला महिन्याला 50 रुपये, तेही वस्तुरूपात. आत्महत्या कमी करण्यासाठी कार्यक्रम आखून राबवणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 चे कलम 29 सांगते. पोरांना पुढे करून सरकारने स्वतः मागे राहायचे, असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आम्ही प्रत्येक बैठकीत सांगतो. तो चांगलाच आहे. पण ज्या घरात एकच मोबाइल आणि तोही वडिलांच्या खिशात, तिथली मुलगी फोन करणार कुठून?

गावातली साधी माणसे हे काम करू शकतात, यात शंका नाही. गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्याच्या प्रौढ रुग्णांना बरे व्हायला मदत केली. तो अभ्यास 2010 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. पण त्यांच्यावर देखरेख होती, आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ होता. आमच्या साथियांच्या मागे कोण आहे?

प्रत्येक मैत्री क्लिनिकमध्ये समुपदेशक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी बसलाच पाहिजे. त्याला दुसरे काम लावू नका. मुलाशी बोलायला दार लावता येईल अशी खोली द्या. रजिस्टरात पाठपुराव्याचा रकाना घाला. आशाताई आणि साथियांना रात्री-अपरात्री सल्ला विचारता येईल असा एक जबाबदार माणूस तालुक्याला नेमा.

उत्तर लेखी पाठवा. पुढच्या बैठकीत साथियांना ते वाचून दाखवायचे आहे.

आपली,
एक गटप्रवर्तक