ऊन कोणाचे, सावली कोणाची?

आरोग्यधाम कसे बांधावे, हा प्रश्न स्थापत्यकाराचा आहे, तितकाच राजकारणाचाही आहे. व्हिएन्नाजवळील पुर्कर्सडॉर्फ येथे योझेफ होफमान यांनी १९०४-०५ साली व्हिक्टर झुकरकांडल या उद्योगपतीसाठी एक आरोग्यधाम उभारले. सपाट छत, नक्षीविरहित पांढऱ्या भिंती, कडांना निळ्या-पांढऱ्या फरश्यांची बारीक किनार. आतील सजावट होफमान आणि कोलोमान मोझर यांनी १९०३ साली स्थापिलेल्या 'वीनर व्हेर्कस्टेटे' या कारागीरसंस्थेची. आधुनिक स्थापत्याच्या आरंभीच्या वास्तूंत तिची गणना होते आणि ती रास्तच आहे. मात्र तेथे विश्रांतीस येत ते व्हिएन्नातील धनिक. त्यांच्या कारखान्यांत खोकणाऱ्यांना त्या उजेडाचा कवडसाही मिळत नव्हता.

तो मिळवला हॉलंडच्या हिरे-कामगारांनी. पैलू पाडताना हिरा धरण्यास तांब्याच्या दांड्या लागत. त्यांचे टाकाऊ तुकडे विकून १९०५ पासून क्षयग्रस्त सोबत्यांसाठी निधी जमू लागला. त्यातून, संघटनेच्या बळावर, हिल्व्हर्सम येथे 'झोनेस्ट्राल', म्हणजे सूर्यकिरण, हे आरोग्यधाम १९२८ साली उघडले. यान डाउकर यांनी काँक्रीटचा सडपातळ सांगाडा उभा करून भिंतींच्या जागी काच बसवली. पुर्कर्सडॉर्फची शुभ्रता येथे श्रमिकाच्या खाटेपर्यंत पोहोचली, आणि तीही कोणाच्या दानधर्माने नव्हे!

वऱ्हाडात मात्र ही काच जशीच्या तशी आणणे म्हणजे रुग्णास भट्टीत निजवणे होय. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो. तेथे ऊन अडवावयाचे असते, वारा तेवढा आत घ्यावयाचा असतो. ते ज्ञान आपल्या विदर्भातच आहे. सेवाग्रामला माती, बांबू आणि कवेलूंच्या कुटींत, खोल पडवीच्या सावलीत, कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली. झोनेस्ट्रालची बुद्धी आणि ही पडवी यांत विरोध नाही. दोन्हींनी आधी रुग्ण पाहिला, मग भिंत. आमचे बांधकाम खाते आधी निविदा पाहते. एकच नकाशा कोकणात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी!

म्हणून हिवरखेडसारख्या गावांतील साथींनी दवाखान्याची नवी इमारत मंजूर झाल्याचे ऐकून केवळ हारतुरे घेऊन धावू नये. नकाशा ग्रामसभेपुढे मागवावा. पश्चिमेच्या उन्हाला आडोसा काय, पडवी किती हात रुंद, बाळंतिणीच्या खोलीत वारा कोठून येणार, आणि रोज बुडवून सोबत आलेली शेतमजूर बाई रात्री कोठे निजणार, हे अभियंत्यास उभे करून विचारावे.