भिंत कशाला हवी?

मंडळी, नवरात्र आलं की बोरिवली-मुलुंडच्या मैदानांत स्टेजशेजारी स्पीकरची भिंत उभी राहते. का, तर म्हणे मागच्यांना ऐकू जायला हवं! अहो, मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. मग शेवटच्या रांगेसाठी पहिल्या रांगेचे कान फोडायचे? त्यापेक्षा ठिकठिकाणी लहान स्पीकर उंचावर लावा, तोंड खाली गर्दीकडे. समोरच्या इमारतींकडे नको. स्टेजपासून ३४ मीटरवरच्या स्पीकरला १०० मिलिसेकंद उशीर द्या, म्हणजे आवाज दोनदा ऐकू येत नाही. २००० सालच्या नियमांत निवासी भागाला सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ डेसिबलची मर्यादा आहे. तिच्या जवळपास तरी जायला भक्ती आड येत नाही, आळस येतो. नुसतं दहाला बंद करून काय होणार? शेजारच्या आजींना आठ वाजताही कान असतात!