मत आणि मीटर

गेल्या मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येऊन पडला. गच्चीवरच्या सोलरचं ॲप, आणि त्यात ‘आजची निर्मिती : ०’. बाहेर डोळे दिपवणारं ऊन. मग काय, ग्रुपला सुगीच आली. “चायनीज माल, दुसरं काय होणार!” “सरकारी योजनेच्या नादी लागू नका, असं मी मीटिंगमध्येच म्हटलं होतं.” “त्यापेक्षा लिफ्ट बदलली असती.” साडेअकरापर्यंत गाडी अणुऊर्जेवर आली, पावणेबाराला निवडणुकीवर. दोन काका एकमेकांच्या पक्षांची कुंडली मांडत होते आणि सेक्रेटरी हात जोडल्याच्या इमोजी टाकत होते. एवढ्या मंडळींपैकी गच्चीवर मात्र कोणी गेलं नव्हतं.

मी गेलो, तोही वाळत घातलेल्या गाद्या उलटायला. जिन्याच्या टोकाशी भिंतीवर इन्व्हर्टर आहे, त्याला बोटभर पडदा आहे. त्यावर स्वच्छ आकडा होता : आज ३१ युनिट. पॅनेल इमानेइतबारे वीज करत होती. आदल्या संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसातला वायफायचा राउटर बदलला होता, त्याचा पासवर्डही बदलला होता. त्यामुळे इन्व्हर्टरला खोचलेली, ॲपला खबर पोचवणारी काडी मुकी झाली होती. वीज होती, बातमी नव्हती. आणि बातमी नाही म्हणजे वीजच नाही, असा निकाल आम्ही पाऊण तासात लावून टाकला होता.

हसू आलं, पण फार हसण्याचा अधिकार मलाही नाही. सोलर बसवताना “मे महिन्यात बघा, मीटर उलटा पळेल” असं मी ग्रुपवर छातीठोकपणे लिहिलं होतं. मे आला, ऊन भाजून काढू लागलं आणि निर्मिती मार्चपेक्षा कमी दिसली. बसवणाऱ्या तंत्रज्ञाला विचारलं तर तो म्हणाला, “साहेब, पॅनेलला उजेड लागतो, उष्णता नाही.” पॅनेलची ताकद २५ अंश तापमानाला मोजतात. त्यापुढे पॅनेल जसजसं तापतं, तसतसं उत्पादन दर अंशामागे साधारण एक तृतीयांश टक्क्याने उतरतं. त्यात धूळ आणि कबुतरांची कृपा. माझं मत तापलेलं होतं, एवढंच त्यातलं खरं.

दुसरा प्रसंग भर दुपारचा. वीज गेली, आणि लख्ख उन्हात आमचं सोलरही बंद. बी विंगमधल्या वहिनींनी ग्रुपवर विचारलं, “मग हे शोभेला बसवलंय का?” प्रश्न रास्त होता. बॅटरी नसलेली यंत्रणा बाहेरची वीज गेली की स्वतःहून थांबते. कारण खांबावर दुरुस्तीला चढलेला लाइनमन तार मेलेली आहे असं समजून हात घालतो. आमच्या गच्चीतून त्या तारेत वीज गेली, तर तो माणूस जाईल. हे सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “असं होय! मग बंदच बरं.” त्या ग्रुपवर मत बदललेलं मी पाहिलं ते तेवढं एकदाच.

राजकारणाचंही असंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ‘पीएम सूर्यघर’ योजना आणली, तिच्या नावातच ‘मुफ्त बिजली’ आहे. लगेच एका गटाने ‘रेवडी’ म्हटलं, दुसऱ्याने ‘क्रांती’. पाटी-पेन्सिल कोणीच घेतली नाही. एक किलोवॉटची पॅनेल आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट देतात. तीन किलोवॉटचे झाले बारा, म्हणजे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. जाहिरातीतले महिन्याचे ३०० मोफत युनिट येतात ते इथून, तुमच्याच छपरावरून. घरासाठी सरकार जास्तीत जास्त ७८ हजार रुपये देतं, उरलेला खर्च तुमचा. सोसायटीच्या सामायिक वापरासाठी अनुदान किलोवॉटला १८ हजार. आमच्या वीस किलोवॉटचे तीन लाख साठ हजार. ही रेवडीही नाही आणि क्रांतीही नाही, अनुदानावरची खरेदी आहे. परवडते का, ते छप्पर किती मोकळं, सावली किती आणि बिल किती येतं यावर ठरतं.

पण बिल वाचतो कोण? आपण खालचा आकडा बघतो, ‘बापरे’ म्हणतो आणि फोनवरून भरून टाकतो. सोलरनंतरचं पहिलं बिल शून्य आलं नाही म्हणून ग्रुपवर आमची फसवणूक जाहीर झाली होती. बिलात ‘स्थिर आकार’ नावाची एक ओळ असते. वीज वापरा, न वापरा, जोडणी आहे म्हणून ती रक्कम द्यावीच लागते.

या ओळीशी महाराष्ट्राची जुनी ओळख आहे. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने रद्द केला, १९९६ मध्ये नव्या कराराने परत आणला. १९९९ मध्ये वीज सुरू झाली आणि २००१ मध्ये बंद पडली. त्या वेळी चहाच्या टपरीवरही दाभोळवर मत होतं : कोणाला देशद्रोह दिसे, कोणाला विकासविरोध. खरी मेख करारात होती. राज्याने वीज उचलली काय, न उचलली काय, क्षमतेचे पैसे मोजायचेच. स्थिर आकारच तो, फक्त अख्ख्या राज्याच्या नावावर. घोषणा प्रकल्प समुद्रात बुडवण्याच्या झाल्या, बुडालं ते वीज मंडळाचं गणित.

मत असू नये असं मी म्हणत नाही. मतांशिवाय आमचा ग्रुप म्हणजे नुसती गुड मॉर्निंगची फुलं. पण मताला मीटर नसतो. कितीही वापरा, बिल येत नाही, म्हणून आपण ते दिवसरात्र चालू ठेवतो.

तेव्हा एक विनंती. या महिन्याचं वीजबिल आलं की भरण्याआधी पाच मिनिटं काढा. मागील रीडिंग, चालू रीडिंग, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क, सगळ्या ओळींवरून बोट फिरवा. मग खाली जाऊन मीटरवरचा आकडा बिलाशी ताडून पाहा. आणि त्यानंतर ग्रुपवर काय लिहायचं ते खुशाल लिहा.