गल्ल्यामागचा अपू

२००७ सालच्या जुलै महिन्यात अमेरिका आणि कॅनडा येथील ‘सेव्हन-इलेव्हन’ या साखळीच्या सुमारे डझनभर दुकानांवरील पाट्या उतरवण्यात आल्या आणि त्यांच्या जागी ‘क्विक-ई-मार्ट’ या नावाच्या नव्या पाट्या लागल्या. ‘द सिंप्सन्स’ या व्यंगचित्र मालिकेवरील चित्रपट येऊ घातला होता, त्याची ती जाहिरात. पडद्यावरचे काल्पनिक दुकान खरेखुरे झालेले पाहण्यासाठी लोकांची झुंबड उडाली. मालिकेत दिसणारी पेये आणि डोनट त्यांनी विकत घेतले, छायाचित्रे काढून घेतली. त्या साखळीची कितीतरी दुकाने भारतीय वंशाची कुटुंबे चालवितात, हे अमेरिकेत कोणालाही ठाऊक असते. पडद्यावरच्या दुकानाचा चालकही भारतीयच. गंमत होती ती नेमकी याच गोष्टीची.

त्या चालकाचे नाव अपू नहासपीमापेटिलॉन. असले आडनाव भारताच्या कोणत्याही प्रांतात शोधून सापडणार नाही. नाव मात्र सत्यजित राय यांच्या चित्रपटत्रयीतून उचललेले. म्हणजे हे पात्र घडविणारी मंडळी अडाणी नव्हती. राय कोण, हे त्यांना माहीत होते. १९९० साली अपू पहिल्यांदा पडद्यावर आला. त्याला आवाज दिला तो हँक अझारिया या न्यूयॉर्कच्या ज्यू नटाने. दुकानदार भारतीय नसावा अशीच मूळ संहितेची इच्छा होती, असे मालिकेचे लेखक माइक रीस यांनी पुढे सांगितले आहे. पण वाचनाच्या वेळी अझारियाने ते वाक्य भारतीय धाटणीच्या इंग्रजीत म्हटले, खोलीत हशा पिकला, आणि त्या हशानेच अपूची जात, देश आणि पुढील तीस वर्षे ठरवून टाकली.

गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडू लागले की अपू म्हणतो, “धन्यवाद, पुन्हा या.” जगातल्या कोणत्याही बाजारपेठेतील कोणताही दुकानदार दिवसातून शंभर वेळा उच्चारतो ते हे वाक्य. व्यापाराची अर्धी विद्या त्यात सामावलेली आहे. ज्या मुलाचे वडील पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत गल्ल्यामागे उभे राहत, त्याच्या कानावर तेच वाक्य शाळेच्या आवारात अपूच्या हेलात पडू लागले. मग वडिलांची आतिथ्यशील भाषा त्या मुलाला घरीही कानकोंडी करू लागली. १९९० च्या दशकात अमेरिकी दूरदर्शनवर दुसरा भारतीय चेहरा नव्हताच म्हटले तरी चालेल. त्यामुळे अपू हा अनेक भारतीयांपैकी एक भारतीय न राहता भारतीय म्हणजे अपू, असे समीकरण झाले.

हरी कोंडाबोलू हा त्या पिढीतील एक मुलगा. जन्म १९८२ चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातला, आईवडील तेलुगू. क्वीन्समध्येच एल्महर्स्ट येथे अमेरिकेतील जैनांचे मोठे मंदिर आहे, आणि भारतीय दुकानांची तर तेथे रांगच आहे. कोंडाबोलू ‘सिंप्सन्स’चा निस्सीम चाहता होता आणि आजही आहे. विनोदाची लिखावट आपण त्या मालिकेकडून शिकलो, असे तो मानतो. मोठा होऊन तोही विनोदकारच झाला. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याचा ‘द प्रॉब्लेम विथ अपू’ हा माहितीपट प्रसारित झाला. त्यात भारतीय आणि दक्षिण आशियाई वंशाचे अनेक नट आपापले शाळेतले अनुभव सांगतात. न्यू जर्सीतील गुजराती कुटुंबातला काल पेन स्पष्टच म्हणतो की अपूमुळे त्याला ती अख्खी मालिकाच आवडेनाशी झाली. कोंडाबोलूचा रोख साधा होता : त्याच्या वडिलांची टिंगल करणाऱ्या एका गोऱ्या माणसाची नक्कल दुसरा एक गोरा माणूस करतो आहे. हा पहिला गोरा माणूस काल्पनिक नव्हता. १९६८ सालच्या ‘द पार्टी’ या चित्रपटात पीटर सेलर्स या इंग्रज नटाने तोंडाला तपकिरी रंग फासून बक्षी नावाच्या धांदरट भारतीयाचे सोंग घेतले होते, आणि अपूचा आवाज घडवताना सेलर्सचा तो बक्षी आपल्या डोळ्यांसमोर होता, हे अझारियानेच कबूल केले आहे.

मालिकेच्या बाजूनेही पुष्कळ बोलता येते, आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ‘सिंप्सन्स’मध्ये कोणाचीच गय केलेली नाही. शाळेतला स्कॉटिश माळी संतापी, इटालियन माणूस गुंड, पोलीस अधिकारी लाचखाऊ, आणि ज्याच्या घराची ही कथा तो होमर सिंप्सन हा तर सरासरी गोऱ्या अमेरिकनाच्या मूर्खपणाचा पुतळाच. उलट अपू बुद्धिमान आहे, संगणकशास्त्रातील डॉक्टर आहे, कष्टाळू आहे. १९९६ च्या एका भागात गावात परदेशी लोकांना हाकलण्याची लाट उसळते, तेव्हा अपू नागरिकत्वाची परीक्षा देतो आणि मालिका निःसंदिग्धपणे त्याच्या बाजूने उभी राहते. १९९५ च्या भागाची आठवण शाकाहारी घरांतून विशेष आपुलकीने काढली जाईल. सिंप्सनांची थोरली लेक लिसा मांसाहार सोडते आणि सगळ्या गावाशी भांडते. तेव्हा अपू तिला आपल्या दुकानाच्या छपरावरील बागेत नेतो. आपण प्राणिजन्य असे काहीच, अगदी चीजसुद्धा, खात नाही असे सांगतो. आणि इतरांना न दुखावता आपले व्रत कसे पाळावे, हे चार शब्दांत समजावतो. त्या बागेत बीटल्सचे पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या पत्नी लिंडा यांचीही भेट घडते. लिसा पुढेही शाकाहारीच राहील, या अटीवर मॅकार्टनी यांनी या भागात भूमिका केली आणि मालिकेने ती अट पाळली. अमेरिकेच्या घराघरांत शाकाहाराची इतकी सभ्य ओळख त्या काळी दुसऱ्या कोणत्या कार्यक्रमाने करून दिली असेल?

पण त्याच अपूचा दुसरा चेहराही व्यापारी वाचकाने पाहायला हवा. १९९४ च्या एका भागात तो शिळे मांस खपवतो आणि गिऱ्हाईक आजारी पडते. शिळा माल खपवणारा, पैशापैशाला चिकटणारा पूर्वेकडचा वाणी, हा साचा युरोपात शतकानुशतके ज्यू व्यापाऱ्याच्या माथी मारला जात होता. तोच भारतीय दुकानदाराच्या अंगावर चढला. आणि आवाज मात्र एका ज्यू नटाचा, हा योग मोठा विचित्र म्हणावा लागेल.

विनोद करण्याचा अधिकार जन्माने मिळतो काय, हा खरा प्रश्न आहे. भारतीयावर भारतीयानेच हसावे, काळ्यावर काळ्यानेच, असा नियम केला तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. ब्रिटनमध्ये १९९६ साली नभोवाणीवर आणि १९९८ पासून बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर ‘गुडनेस ग्रेशस मी’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हा नियम फार देखणा दिसला. त्याचे शीर्षकच पीटर सेलर्सच्या भारतीय डॉक्टरी सोंगाशी जोडलेल्या एका जुन्या गाण्यातून हिसकावून घेतलेले होते. संजीव भास्कर, मीरा स्याल, कुलविंदर घीर आणि नीना वाडिया या चौघांनी त्यात इंग्रजांना आरसा दाखवला. मुंबईतील काही मित्र मद्य पिऊन ‘इंग्लिश’ खाणावळीत जातात, वेटरच्या नावाची मोडतोड करतात आणि यादीतला सर्वांत मिळमिळीत पदार्थ मागवतात, हा प्रवेश अजून लोकांच्या तोंडी आहे. शुक्रवारी रात्री भारतीय हॉटेलांत इंग्रज गिऱ्हाईक कसे वागते, हे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने प्रथमच कोणी सांगितले होते. पण या चौघांनी आपल्या माणसांनाही सोडले नाही. बाहेर काहीही विकत घ्यायचे ठरले की ‘हे मी घरी फुकटात करीन’ म्हणणारी आणि त्यासाठी फक्त एक लहानसे वांगे मागणारी आई त्यांनीच रंगवली. ती पाहून खळखळून हसली नाही अशी गुजराती किंवा मारवाडी गृहिणी विरळा. कारण त्या आईच्या काटकसरीमागची वर्षे त्यांना माहीत होती. अपूच्या काटकसरीला असा भूतकाळच नव्हता.

तरीही जन्माचा नियम पुरेसा नाही. डेव्ह शपेल हा अमेरिकेतील काळा विनोदकार. वंशभेदावर त्याने जितके धारदार विनोद केले तितके त्याच्या पिढीत क्वचितच कोणी केले असतील, आणि त्याला तो अधिकार नाही असे कोणी म्हणाले नाही. २००५ साली सुमारे पाच कोटी डॉलरचा करार हाती असताना तो आपला कार्यक्रम अर्ध्यावर टाकून दक्षिण आफ्रिकेला निघून गेला. लोक त्याला वेडा म्हणाले. पुढच्या वर्षी ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात त्याने कारण सांगितले. एका प्रवेशाच्या चित्रीकरणाच्या वेळी तेथे उपस्थित असलेला एक गोरा माणूस हसला, आणि ते हसणे शपेलला खटकले. तो आपल्यासोबत हसत नाही, आपल्याला हसतो आहे, असे त्याला जाणवले. विनोद त्याचा होता, वंश त्याचाच होता, अधिकार निर्विवाद होता. पण उठलेले हसू कोणाच्या घरी जाऊन काय करील, यावर त्याचा ताबा नव्हता. व्यापाऱ्याला हे लवकर समजेल. माल आपला असला तरी दुकानातून गेल्यावर त्याचा वापर कसा होईल हे विक्रेत्याच्या हाती नसते. तरी विष विकणारा वाणी ही सबब पुढे करू शकत नाही, आणि शपेलने ती केली नाही.

भारतातील कित्येकांना अपूचे प्रकरण अतिसंवेदनशीलपणाचे वाटले. ते स्वाभाविकही आहे. मुंबईत किंवा सांगलीत कोणी एखाद्या मुलाला ‘अपू’ म्हणून चिडवीत नाही. बहुसंख्येत राहणाऱ्याला थट्टा स्वस्त पडते. ज्या १९६८ साली सेलर्सने बक्षीचे सोंग घेतले, त्याच साली ‘पडोसन’मध्ये मेहमूदने शेंडी, लुंगी आणि मोडक्या हिंदीसह मद्रासी संगीत-मास्तर उभा केला. अभिनय अप्रतिम होता यात वाद नाही. सारा उत्तर हिंदुस्थान पोट धरून हसला, आजही हसतो. तमिळ माणसाला काय वाटले असेल, हे विचारण्याची कोणाला गरज भासली नाही. हिंदी आणि मराठी नाटक-सिनेमांतला शेठ तरी याहून काय वेगळा आहे? सुटलेले पोट, काळी टोपी, मांडीवर चोपडी, गुजराती वळणाची मराठी, आणि गहाण पडलेल्या दागिन्यावर खिळलेली नजर. व्यापारी कुटुंबांतील कित्येक मुले हा शेठ शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहून घरी आलेली आहेत. आपल्या आजोबांनी दुष्काळात उधारीवर धान्य दिले होते, हे त्या मुलांना ठाऊक असते. वर्गातल्या मुलांना ते ठाऊक नसते.

आणि याच कुटुंबांच्या लग्नसमारंभांत रात्री जेवणे आटोपल्यावर जी मैफल जमते, तिच्यात कोणाची नक्कल होते? चिकट मामाची होते, ती मामासमोर होते, आणि मामाच सर्वांत मोठ्याने हसतो. पण पाठोपाठ दुकानातील बिहारी हमालाची होते, इमारतीच्या नेपाळी पहारेकऱ्याची होते, घरकाम करणाऱ्या बाईच्या बोलीची होते. ती माणसे त्याच वेळी मंडपाच्या कडेला ताटे उचलीत असतात. ऐकू गेले तर तीही हसतात. गिऱ्हाइकाच्या थट्टेवर अमेरिकेतला गुजराती दुकानदार जसे हसतो, तसेच. गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसाला हसणे परवडते, रागावणे परवडत नाही. म्हणून त्याच्या हसण्याला संमती समजणे हा फार सोयीस्कर हिशेब आहे.

माहितीपटानंतर मालिकेने आधी हात झटकले. २०१८ च्या एप्रिलमधील एका भागात अपूची तसबीर दाखवून, एके काळी जे कोणाला खटकले नाही ते आज अयोग्य ठरते, त्याला कोणी काय करावे, अशा आशयाचे उद्गार लिसाच्या तोंडी घालण्यात आले. छपरावरच्या बागेत अपूकडून सहिष्णुता शिकलेल्या लिसाच्याच तोंडी ते घालावेत, हे अनेकांच्या जिव्हारी लागले. अझारिया मात्र बदलत गेला. त्याच महिन्यात त्याने बाजूला होण्याची तयारी दाखवली आणि २०२० च्या जानेवारीत अपूचा आवाज काढणे बंद केल्याचे जाहीर केले. २०२१ साली एका मुलाखतीत त्याने क्षमा मागितली. प्रत्येक भारतीयाकडे जाऊन क्षमा मागावी असे मनाच्या एका कोपऱ्यात वाटते, असे तो म्हणाला. आपल्या मुलाच्या शाळेत त्याने भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांशी बोलून पाहिले होते. त्यांच्यातील सतरा वर्षांच्या एका मुलाने ‘सिंप्सन्स’ कधी पाहिलेच नव्हते. पण अपू म्हणजे काय, हे त्याला पुरते ठाऊक होते. त्या मुलाचे बोलणे सांगताना अझारियाचा कंठ दाटून आला होता.

कोंडाबोलूने अपूला काढून टाकावे असे कधीच म्हटले नव्हते. त्याला अधिक चांगले लिहा, त्याच्या मुलांना मोठे होऊ द्या, त्यांनाही बोलू द्या, एवढेच त्याचे मागणे होते. अपूला आठ जुळी मुले आहेत, तेव्हा विषयांची वाण पडली नसती. मालिकेतील इतर काळ्या पात्रांना पुढे काळ्या नटांचे आवाज मिळाले. अपूला नवा आवाज कोणी दिला नाही. स्प्रिंगफील्डमधले ते दुकान अजून चालू आहे, गर्दीच्या दृश्यांत अपू कधीमधी दिसतो, आणि काहीही न बोलता पडद्यावरून निघून जातो.