बँकॉकचे तिकीट कोणाच्या खिशातून?

आमच्या धर्माबादच्या बाजारात मिरचीच्या भावाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा रंगते. यंदा कोण कुठे जाणार? कृषी सेवा केंद्राच्या मालकाला कंपनीचा माणूस स्कीम सांगून जातो. इतक्या लाखांचा माल उचला तर थायलंड, त्याहून जास्त उचलला तर दुबई, तीही जोडीने. ज्या पोराने ही स्कीम आणली त्याच्याही डोक्यावर टार्गेट असते, आणि ते पूर्ण झाले तर त्याच विमानात त्याचीही सीट असते.

माझे म्हणणे सरळ आहे. बियाणे, खते आणि फवारणीच्या औषधांच्या विक्रीवर दिल्या जाणाऱ्या या सहली बंद झाल्या पाहिजेत.

हे बोललो की लोक चिडतात. एका ओळखीच्या दुकानदाराने मला ऐकवले, "मियाँ, वर्षभर उधारी आम्ही ओढतो. पाऊस गेला की आमचे पैसेही गेले. आठ दिवस बायकोला समुद्र दाखवला तर तुमच्या पोटात का दुखते?" त्याचे दुखणे खरे आहे. आमच्याकडे शेतकरी पेरणीला माल नेतो आणि सोयाबीन घरात आल्यावर पैसे देतो. मधले सगळे महिने दुकानदार कळ काढतो. मग त्या कष्टाचा मोबदला त्याला रोख मिळू द्या. प्रत्येक पोत्यामागे, प्रत्येक बाटलीमागे कमिशन वाढवा. त्याला कोणाची हरकत आहे?

पण कंपनी तसे करत नाही, आणि त्यामागे हिशेब आहे. कमिशन विकलेल्या मालाच्या प्रमाणात मिळते. सहलीचे तसे नाही. पन्नास लाखांचे टार्गेट असेल आणि विक्री अठ्ठेचाळीस लाखांवर अडकली, तर हातात काहीच पडत नाही. म्हणून हंगामाच्या शेवटी ते राहिलेले दोन लाख कोणाच्या तरी गळ्यात घालावेच लागतात. नेमक्या त्याच दिवसांत कोणी तरी शेतकरी किडलेले पान खिशात घेऊन दुकानात येतो आणि विचारतो, "भाऊ, यावर काय मारू?"

खेड्यातल्या माणसासाठी ते काउंटर म्हणजे दवाखाना आहे. हे सरकारलाही ठाऊक आहे. म्हणून तर हैदराबादच्या 'मॅनेज' या संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा विक्रेत्यांसाठी 'देसी' हा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. विकणारा सल्लाही देतो, तर तो शहाणा असावा, हा हेतू. पण एका बाजूने शहाणपण शिकवायचे आणि दुसऱ्या बाजूने तिकीट दाखवायचे, यात जिंकणार कोण?

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्या मृत्यूंना सहली कारणीभूत होत्या, असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की ही औषधे साबण-बिस्किटांसारखी नाहीत. गरज नसताना विकलेली एक बाटलीसुद्धा कोणाच्या तरी पाठीवरच्या पंपात जाते.

दुसऱ्या धंद्यांत हा धोका ओळखला गेला आहे. म्युच्युअल फंड विकणाऱ्यांना प्रशिक्षणाच्या नावाखाली रोख नसलेली बक्षिसे देऊ नका, असे सेबीने २०१८ मध्येच बजावले. औषध कंपन्यांसाठी मार्च २०२४ मध्ये आचारसंहिता आली आणि डॉक्टरांना सहलीला नेणे तिने वर्ज्य ठरवले. त्याच वर्षी ३० डॉक्टरांना पॅरिस आणि मोनॅकोला नेल्याबद्दल अ‍ॅबव्ही या कंपनीवर केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने ठपका ठेवला. मग माणसाच्या डॉक्टरला जे चालत नाही, ते पिकाच्या डॉक्टरला का चालावे?

सरकारला या सहली दिसत नाहीत असेही नाही. १ जुलै २०२२ पासून धंद्यातून मिळणाऱ्या अशा लाभांवर, वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेले की, १० टक्के टीडीएस लागू झाला. टार्गेट पूर्ण केल्याबद्दल दिलेली सहल हे तर त्या वेळच्या परिपत्रकातलेच एक उदाहरण. म्हणजे सरकारला सहलीवरचा कर दिसला; सहलीचा खर्च ज्याच्या बिलातून निघतो तो शेतकरी दिसला नाही.

आणि बक्षीस मिळते कोणाला, तेही बघा. पंचेचाळीस किलोची युरियाची पोती दिवसभर उतरवणारा हमाल, सकाळी आठपासून काउंटरवर उभा असलेला पोरगा, गोदामाचा वॉचमन, यांच्याशिवाय कोणाचे टार्गेट पूर्ण झाले आहे का? विमानाच्या यादीत मात्र त्यांची नावे नसतात. कंपनीला कामाची एवढीच कदर असेल, तर तिने तोच पैसा आपल्या माणसांच्या पगारात आणि दुकानदाराच्या कमिशनमध्ये घालावा. कमिशन वाढले की हमालाची मजुरी वाढवायला मालकालाही निमित्त उरत नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोपर्यंत कृषी विभागाने एवढे तरी करावे: ज्या मालावर सहलीची स्कीम चालू आहे, त्याची यादी दुकानात भावफलकाशेजारी मराठीत लावायला सांगावी. आणि शेतकरी बांधवांनी बाटली हातात घेण्याआधी एक प्रश्न विचारावा, "हे औषध माझ्या पिकाला लागते, की तुमच्या स्कीमला?" प्रामाणिक दुकानदाराला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्या दुकानातून पान तसेच खिशात घालून बाहेर पडावे.